हिरवट निळा

बाबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी निघाल्यावर घरी येऊन ते आधी आपल्याकडे बघतील असं आईला वाटलं होतं. ते अल्बमकडे गेले.

"बघ तुझे बाबा," आई मला म्हणाली. "डोळा नवा, पण सवत जुनीच."

अल्बममध्ये एकोणिसाव्या शतकातली, एकाच साम्राज्याची टपाल तिकिटं आहेत. साम्राज्य नकाशावरून पुसलं गेलं. सम्राटाचा चेहरा मात्र आमच्या बैठकीच्या खोलीत पानापानावर आहे. एकच तिकीट वर्षानुवर्षं छापलं जाई आणि शाई दर खेपेला जराशी वेगळी उतरे. म्हणून तिकीट ओळखायचं ते कागदातल्या जलचिन्हावरून, कडेच्या दात्यांवरून, आणि शेवटी छटेवरून. साधं निळं कुठेही मिळतं. हिरवट निळं दुर्मीळ.

बाबांचं हिरवट निळं पानाच्या मधोमध, स्वतंत्र चौकटीत होतं. काही वर्षांपूर्वी मामाने ते पाहिलं तेव्हा तो सरळ म्हणाला, "दाजी, हे साधं निळं आहे." बाबा म्हणाले, "तुझी नजर कच्ची आहे." शब्दाने शब्द वाढला, आणि दर रविवारी स्वतःचं भिंग खिशात घालून येणारा मामा यायचा बंद झाला. मी प्रयोगशाळेत रंग मोजण्याचं काम करते. तिकीट तपासून आणते म्हटलं, तर बाबा म्हणाले, "यंत्राला काय कळतंय त्यातलं!" रविवारी खिडकीपाशी ते अजूनही दोन खुर्च्या मांडतात.

छटा बघायची त्यांची रीत ठरलेली आहे. सकाळी, उत्तरेच्या खिडकीत, करड्या पुठ्ठ्याला पाडलेल्या चौकोनी भोकातून. म्हणजे शेजारचा रंग नजरेत शिरत नाही. बाबांनी पुठ्ठा तिकिटावर ठेवला. उजवा डोळा मिटला. मग डावा मिटला. पुन्हा उजवा.

"काय झालं?"

"निळं आहे गं. स्वच्छ निळं."

मी सांगितलं, वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, आणि पिवळ्यातून निळं हिरवट दिसतं.

"म्हणजे इतकी वर्षं मी माझा मोतीबिंदूच चौकटीत लावून ठेवला होता," बाबा म्हणाले. पुठ्ठा बाजूला ठेवून म्हणाले, "मामाला फोन लाव. मी बोलतो."

रविवारी मामा आला. आई दारातच उभी होती.

"वाट चुकलास वाटतं?"

"ताई, आधी चहा टाक, मग टोमणे मार."

तो आपल्या खुर्चीत बसला आणि पुठ्ठ्यावर वाकला. "खिडकीत उजेड कमी झालाय का हो?" बराच वेळ बघून त्याने मान वर केली. चेहरा उतरला होता.

"दाजी, तुमचंच खरं. हिरवट आहे. मी उगाच हट्ट धरला."

मी बाबांकडे पाहिलं. नुसतं गप्प राहिले असते, तरी तिकीटही त्यांचं राहिलं असतं आणि रविवारही परत आले असते. त्यांनी कप बाजूला सरकवला.

"नाही रे. निळंच आहे. तू तेव्हा बरोबर होतास."

"माझी समजूत काढू नका. मला डोळे आहेत."

"तेच म्हणतोय. डाव्या डोळ्याने मलाही हिरवट दिसतं. तो अजून जुना आहे. उजव्याने निळं."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

"कधीची सांगतेय, डोळे दाखव," आई आतून म्हणाली. "घाबरट कुठला!"

मामाने भिंग उगाच रुमालाने पुसलं. "दुखतं का हो?"

"थेंब घालताना चुरचुरतं, बस. मी येतो सोबत."

बाबांनी चिमटा उचलला. तिकीट साध्या निळ्यांच्या रांगेत हलवायला ते वाकले, तोच मामाने चौकटीवर हात आडवा धरला.

"राहू द्या. माझा डोळा होऊ दे. मी बघतो, मग हलवू."

"तोवर खोटं लावून ठेवू?"

"मी येतोय ना दर रविवारी. लक्ष ठेवतो."

बाबांनी चिमटा खाली ठेवला. मामाने खुर्ची उजेडाकडे ओढली आणि पान उलटलं.

"आणि हे? हे जांभळं म्हणून लावलंय की तपकिरी म्हणून?"

बाबांनी एक डोळा मिटला.