कोकराच्या नजरेसमोर

"बारदान काढ आधी. आणि सुतळी कापू नकोस, सोड. चांगली सुतळी आहे."

"हौ अम्माजी, हौ," म्हणत शकूर मिस्त्री लोडिंग रिक्षात चढला आणि गाठी सोडू लागला.

कब्रस्तानाच्या फाटकाशी शालिनीबाई उजगरे काठी रोवून ताठ उभ्या होत्या. वय ऐंशीच्या घरातले. मिशनच्या दवाखान्यात मेट्रन म्हणून उभी हयात गेलेली. निवृत्त होऊन वीस वर्षे उलटली तरी समोरच्याला कामाला लावण्याची जरब आवाजातून गेली नव्हती. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दिवाळीपासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. आज, ईस्टरच्या आदल्या दिवशी, छत्रीबागेतल्या घरून रिक्षा करून आल्या होत्या त्या केवळ या दगडासाठी.

"मावशी, खुर्ची आणू का? पाय भरून येतील," दिवाकर म्हणाला. कब्रस्तानाचा कारभार पाहणाऱ्या, चर्चच्या मंडळीच्या कमिटीचा तो सेक्रेटरी. त्याच्या जन्माच्या वेळी नाळ शालिनीबाईंनीच कापलेली.

"माझ्या पायांची काळजी माझ्याकडे असू दे. तू दगडाला हात लाव. नुसता मोबाइल धरून सेक्रेटरी होता येत नाही."

शकूर मिशीत हसला. दिवाकरने निमूटपणे मोबाइल खिशात घातला.

शालिनीबाईंची लेक अनुश्री गेली तेव्हा सहा वर्षांची होती. मेंदूज्वराने दोन दिवसांत कारभार आटोपला. तिचे वडील त्याआधीच भुसावळला रेल्वेच्या नोकरीत असताना वारले होते व तिकडेच मातीआड झाले होते. दगड घेण्याची ऐपत नव्हती, आणि मंडळीपुढे पदर पसरण्याची रीत उजगऱ्यांच्या घरात नव्हती. लेकीच्या उशाशी लाकडी क्रूस लावला. दोन पावसाळ्यांत वाळवीने त्याचा भुगा केला. लहान मुलांच्या त्या भागात तसे कितीतरी बिननावाचे उंचवटे होते, सगळे सारख्याच बेताचे.

तरीही शालिनीबाईंची वाट कधी चुकली नाही. लगतच इंग्रजांच्या जुन्या कबरी होत्या. त्यांच्या दगडांची भाषा पाळकसाहेबांनी त्यांना समजावून दिली होती. तुटका खांब म्हणजे ऐन उमेदीत गेलेला. जहाजाचा नांगर म्हणजे आशा. पडदा पांघरलेला कलश म्हणजे घरावर पडलेला शोक. आणि कोकरू म्हणजे लेकरू. मेंढपाळाच्या हवाली केलेले. त्या दगडांपैकी कडेच्या एका दगडावर संगमरवरी कोकरू बसले होते, कुण्या साहेबाच्या बाळाचे. ते ज्या उंचवट्याकडे टक लावून पाहत होते, तीच अनुश्रीची कबर. कोकरापाशी उभे राहायचे आणि ते पाहते तिकडे पाहायचे. ही खूण त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. सांगितली असती तर लेकीच्या उशाला साधा दगड नाही, हे कुणासमोर बोलावे लागले असते.

म्हातारपणी गाठीला थोडे साठले, तेव्हा त्यांनी शकूरला घरी बोलावून घेतले. नव्या संगमरवरातून कोरलेल्या कोकराचा त्याने सांगितलेला भाव ऐकून त्यांनी त्याला असे फैलावर घेतले की तो निम्म्याहून खाली आला. "कोकरू मात्र त्या इंग्रज बाळाच्या कबरीवर आहे तस्सेच हवे. अगदी तस्से," त्यांनी बजावले होते. शकूर इतक्या सहज कसा कबूल झाला, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही. आपण भाव पाडला, याचेच त्यांना समाधान होते.

बारदान खाली पडले.

चैत्राच्या उन्हात दगड झळझळला. 'अनुश्री उजगरे', काळ्या शिशाने भरलेली सुबक अक्षरे. वर पाय दुमडून बसलेले कोकरू. शालिनीबाईंचा चेहरा निवला. त्यांनी पुढे होऊन कोकराच्या पाठीवरून, मानेवरून हात फिरवला. हात कानापाशी आला आणि थांबला. डाव्या कानाचा शेंडा तुटलेला होता. ती तूट त्यांच्या बोटाला पाठ होती.

"शकूर, हा दगड कुठून आणलास?"

"अम्माजी, आपने ही तो बोला था, हूबहू वैसा मेमना। तो मैंने सोचा, वैसा क्यों, वही ले लूँ। उतने पैसे में नया कहाँ से आता?"

दिवाकर खुशीत म्हणाला, "मावशी, मीच परमिशन दिली. इंग्रजांचं आता कोण येतंय विचारायला! अक्षरं घासून घेतली, पॉलिश मारलं. एकदम नवा दिसतोय की नाही? तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं."

शालिनीबाई आत चालू लागल्या. त्यांना इतक्या वेगाने चालताना पाहून दिवाकर मागे धावला. चाफ्याच्या झाडापलीकडे वळल्या आणि त्यांची काठी जागच्या जागी थबकली.

समोर सपाट मैदान होते. उंचवटे नव्हते, खांब नव्हते, कलश नव्हते. तांबडा मुरूम पसरून रोलर फिरवलेला. इंग्रजांचे दगड कंपाउंडच्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवले होते.

"जानेवारीत जेसीबी लावला," दिवाकर म्हणाला. "किती झाडझंखाड होतं, साप निघायचे. आपलं शहर सफाईत नंबर वन, आणि आपलं कब्रस्तान असं? सगळं लेव्हल करून टाकलं. मावशी, दगड कुठे बसवायचा तेवढं सांगा फक्त."

"कोकरू कुठे होतं?"

"अं?"

"हा दगड उचललात, तो कुठून उचललात? जागा दाखव."

दिवाकरने इकडेतिकडे पाहिले. "इथंच कुठे तरी... नाही, त्या बाजूला असेल. भिया शकूर, कहाँ से उठाया था रे?"

शकूरने चार पावले टाकली, परतला, भिंतीकडे पाहून अंदाज घेतला, पुन्हा दुसरीकडे गेला. "यहीं था शायद। झाड़ियाँ थीं न तब, अब तो सब एक जैसा लग रहा है।"

"आणि तोंड? कोकराचं तोंड कोणीकडे होतं?"

मेलेल्या लेकराच्या दगडाचे तोंड कोणीकडे होते, हे कोण ध्यानात ठेवणार? मावशी त्या कोकरावरूनच लेकीची कबर ओळखत होत्या, हे दिवाकरच्या हळूहळू लक्षात आले, आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, तुम्ही कधी बोलला नाहीत..."

"नाही बोलले."

शकूर चप्पल काढून बाजूला उभा राहिला होता.

"खोदून बघू का?" दिवाकरने चाचरत विचारले.

"काय बघशील? इथे सगळी लेकरंच आहेत. तिचं हाड तुला ओळखू येईल? मला येईल?" त्यांचा आवाज चढला नाही. "कुणाच्या लेकराला कुदळ लावायची नाही."

"मग अंदाजानं बसवू. इथंच आसपास आहे ना ती. कुणाला कळणार आहे?"

शालिनीबाई वळल्या. "दुसरीच्या लेकराच्या छातीवर माझ्या लेकीचं नाव ठेवू? त्या मडमेच्या बाळाचं नाव तर मीच पुसवलं. दाम मोजून."

त्यांनी मुरुमावर एक पाऊल टाकले आणि पटकन मागे घेतले. पायाखाली कोण असेल, याचा आता काहीच नेम नव्हता.

"अम्माजी, पत्थर का क्या करूँ?" शकूरने हळूच विचारले. "रिक्षावाला रुका है।"

"त्या दगडांत नेऊन ठेव. तोंड भिंतीकडे कर."

"उलटा?"

"सांगितलं तसं कर."

दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाच्या पहाटेची उपासना नेहमीप्रमाणे कब्रस्तानातच झाली. अंधार होता. प्रत्येक कुटुंब आपापल्या माणसाच्या कबरीपाशी मेणबत्ती लावून उभे होते. शालिनीबाई पांढरे पातळ नेसून वेळेवर आल्या, पण आत वळल्या नाहीत. फाटकापासून निघालेल्या फरशीच्या वाटेवर, जिथे कधीच कुणाला पुरलेले नव्हते, तिथे त्या मधोमध उभ्या राहिल्या. मागून येणारे त्यांना वळसा घालून पुढे जात होते. पाटण्यांची सून कडेवरचे मूल सावरत थबकली.

"आजी, इथं का उभ्या? तुमची कबर कोणती, मी नेते ना तिथं."

"तू हो पुढे, बाळ. तुझी माणसं थांबलीत."

"प्रभू उठला आहे!" पाळकसाहेबांनी मोठ्याने म्हटले.

"खरोखर उठला आहे!" चहूकडून जबाब आला.

शालिनीबाईंचे ओठ मिटलेले होते. हातातल्या मेणबत्तीचे ऊन मेण ओघळून बोटांवर येत होते. त्यांनी हात हलवला नाही.