आच न लागणारा हात

रुखमाबाईच्या हाताला आच लागत नाही, हा जानेफळात कौतुकाचा विषय होता. लग्नकार्यात शंभर-शंभर भाकरी भाजायच्या असल्या की बायका तिलाच बोलावत. ती तापल्या तव्यावरची भाकर नुसत्या बोटांनी उचलू लागली की सगळ्या जणी तोंडात बोट घालत. कौतुक करणाऱ्यांचं काय जातं म्हणा! दोन महिन्यांपूर्वी चुलीपुढे कातडं जळाल्याचा वास आला. काय जळतंय म्हणून तिने इकडेतिकडे शोधलं, तर ते तिचंच बोट निघालं. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. गावातल्या पुंजाजीचं असंच सुरू झालं होतं. महारोग आहे म्हटल्यावर सख्ख्या भावांनी त्याला नाल्यापलीकडे झोपडी घालून दिली, आणि त्याची भाकर दुरून ठेवून माणसं मागे फिरत.

म्हणून रुखमाबाई सोंग शिकली. तव्याला हात लागलेला दिसला की "हाय" म्हणायची, बोटं झटकायची. नवऱ्याला, शेषरावाला, कसलाही पत्ता नव्हता.

त्या दिवशी चौथीतली कोकिळा शाळेतून आली ती धडा घोकतच. उद्या डेप्युटीसाहेब शाळा तपासायला येणार होते, आणि मास्तर तिलाच उभी करणार होते. ती आईसमोर मांडी घालून सांगू लागली. अंगभर सुतासारखे पांढरे धागे असतात, त्यांना ज्ञानतंतू म्हणतात. बोटाला काटा टोचला की ते खबर पाठीच्या कण्यात नेतात, तिथून ती मेंदूत जाते. पण कणा मेंदूची वाट पाहत बसत नाही. तो परस्पर हुकूम सोडतो, आणि दुखल्याचं कळायच्या आधीच हात मागे येतो. रुखमाबाईने विचारलं, धागा मेला तर? तेही मास्तरांनी सांगितलं होतं. मग खबर जातच नाही, हात जळाला तरी माणसाला समजत नाही. पोरगी पाठ केलेलं म्हणून गेली. आईने भाजलेलं बोट पदराखाली घेतलं.

आता कोकिळेला ते करून पाहायचं होतं. बाभळीचा काटा तिने येताना आणलाच होता. रुखमाबाईने पीठ, सरपण, पाणी, सगळी कामं पुढे केली. पण ओसरीवर सुपारी कातरत बसलेला शेषराव म्हणाला, पोरीचा अभ्यास आहे, दे हात. यावर नाही म्हणणं म्हणजे संशयाला जागा.

"डोये मिट, माय. पाहून नाई चालत," कोकिळा म्हणाली.

रुखमाबाईचं सगळं सोंग डोळ्यांवर चालत होतं. तिने डोळे मिटले आणि कान टवकारले. पोरगी जवळ सरकली, तिची बांगडी वाजली. रुखमाबाईने "हाय" करून हात ओढून घेतला.

डोळे उघडले तर काटा अजून पोरीच्या मांडीवरच होता.

"म्या तं आजून टोचलंच नाई," कोकिळा हळूच म्हणाली. तिची नजर आईच्या भाजलेल्या बोटावर गेली आणि तिचं तोंड एवढंसं झालं. बाहेरून शेषरावाने विचारलं, आला का हात मागे?

"हाव, बाबा. लगेच आला."

नऊ वर्षांच्या पोरीने आपल्यासाठी खोटं बोलावं, याने रुखमाबाईला भडभडून आलं. आणि दुसऱ्याच क्षणी ती घाबरून गार पडली. ही पोर रोज माझ्या ताटात जेवते, माझ्या कुशीत झोपते. रुखमाबाईने काटा उचलला. तो चिमटीत नीट धरलाय की नाही, हेही तिला पाहूनच ठरवावं लागलं. तिने पोरीला डोळे मिटायला सांगितलं, आणि देवाचं नाव घेऊन तिच्या बोटाला काटा लावला.

कोकिळेचा हात झटकन मागे गेला. "आई गं" मागाहून आलं.

रुखमाबाई पदर तोंडात कोंबून रडली. एवढा आनंद तिला पोरीच्या जन्माच्या वेळीही झाला नसेल. कोकिळा गळ्यात पडायला धावली, तशी ती भिंतीपर्यंत मागे सरकली.

"जवळ येऊ नको माह्या," ती म्हणाली. दोन महिने या घरात राहण्यासाठी तिने काय काय केलं होतं, ते तिचं तिला माहीत. तिने डोळे पुसले आणि ओसरीकडे तोंड करून शेषरावाला हाक मारली.

"आयकता का? माह्या हाताले काहीच समजत नाई. पोरीले घेऊन दुसऱ्या खोलीत झोपत जा."