पुसलेल्या खुणा

तीस वर्षं मास्तरांनी उभं राहून कापड कापलं. बसून कापतो तो मास्तर कसला, असं ते म्हणायचे. शेवटी पायांनीच हात टेकले. पोटरीवर निळ्या शिरांचा गुंता झाला आणि घोट्याजवळची जखम काही भरेना.

डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. लेझर म्हणजे शिरेत बारीक तार घालून शीर आतून भाजून बंद करायची. त्याच दिवशी घरी, दोन-चार दिवसांत कामावर. शस्त्रक्रिया म्हणजे छेद देऊन शीर ओढून काढायची. पंधरा दिवस विश्रांती.

"गुण दोन्हींनी येतो," त्या म्हणाल्या. "पण तुमची शीर फार वेडीवाकडी आहे, तार मध्येच अडू शकते. माझं मत शस्त्रक्रियेला."

"लेझर," मास्तर म्हणाले.

त्यांच्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा दुकानाचा कायदा. समोर बसून सत्तावीस वर्षं काजं-बटणं करणाऱ्या बायकोनेसुद्धा नाही. पंधरा दिवस टेबल रिकामं राहिलं तर गिऱ्हाईक तुटेल, ही धास्ती त्यांना झोपू देत नव्हती.

ठरल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांना उभं करून शिरांवर पेनाने खुणा केल्या; आडवं झालं की शिरा दडी मारतात. त्या जरा बाहेर गेल्या, तेवढ्यात मास्तरांनी ओल्या रुमालाने सगळ्या खुणा पुसून टाकल्या. खूण राहिलेला कपडा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, ही हाताची जन्माची खोड!

"अहो, हे काय केलंत?" डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला.

"द्या इकडे," मघापासून शेजारी उभी राहून बघत असलेली बायको म्हणाली. पेन घेऊन ती खाली बसली आणि मांडीपासून घोट्यापर्यंत एकेक वळण काढत गेली. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून पाहिलं. एकही रेघ चुकली नव्हती.

"एकदा बघून लक्षात राहिलं?"

"ह्यांच्या कापडावरच्या खुणा रोज बघते ना. हे चहाला गेले की चुकलेली रेघ पुसून नीट करते."

आपल्या हातून एकही कापड वाया गेलं नाही, ही मास्तरांची केवढी ऐट! राग यायला हवा होता. आला नाही, उलट एकदम हलकं वाटलं.

"डॉक्टर, शस्त्रक्रियाच करा," ते म्हणाले आणि खिशातून खणाची किल्ली काढून त्यांनी बायकोच्या हातावर ठेवली. "कात्री वरच्या खणात आहे."

बायकोने मूठ मिटली. "उभं राहून कापू?"

"नको," मास्तर म्हणाले. "बसून काप. पाय जप."