साक्षीदाराची सही

"दोन्हींतला कुठलाही एक भरा, पण शुक्रवारी माझ्या टेबलावर हवा." मॅनेजरसाहेबांनी दोन फॉर्म त्याच्याकडे सरकवले. "नवीन वर्षापासून कोर्सला नाव न घातलेला सेफ्टी ऑफिसर चालणार नाही. वरून आलंय, माझ्या हातात काही नाही."

वरून आलेलं साहेबांच्या हातात कधीच नसायचं, आणि खाली घडलेलंही नसायचं.

"आणि नाही भरला तर?"

"स्टोअरमध्ये जागा आहे. डबे मोजायचे."

रंगाच्या त्या कारखान्यात सगळे त्याला नकोबा म्हणत. शिडीवर हेल्मेटशिवाय चढू नको, थिनरजवळ मोबाइल नको, ओल्या फरशीवर पळू नको. सतरा वर्षं असं नको नको करत फिरल्यावर माणसाला दुसरं काय नाव पडणार? तोंडावर साहेब म्हणायचे, पाठ वळली की नकोबा. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्याने फॉर्म उलटसुलट करून पाहिले. पहिला कामावरचा कोर्स होता. लेखी परीक्षा नाही. बाहेरचा तपासनीस कारखान्यात येणार, इतक्या वर्षांत केलेल्या कामाचे पुरावे बघणार, चार प्रश्न विचारणार आणि सर्टिफिकेट देणार. दुसरा विद्यापीठाचा डिप्लोमा. दोन वर्षं, आठ पेपर. कायदा, रसायनशास्त्र, गणित.

"यात विचार कसला करताय?" साहेब म्हणाले. "बारावीला तुम्ही..."

"दोनदा नापास," तो म्हणाला.

"मग झालं तर! पोहता येणाऱ्याला पोहण्यावर निबंध कशाला लिहायला लावायचा? कामाचा भरा."

घरी बायकोचंही तेच मत पडलं. "अहो, हातात आहे ते दाखवायचं सोडून या वयात पाठांतर कुठे करत बसणार? कालचं भाजीचं सांगितलेलं आज लक्षात राहत नाही तुमच्या."

"आई, डिप्लोमाला बाहेर किंमत आहे," मुलगी म्हणाली. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि घरात तिच्या शब्दाला हल्ली वजन आलं होतं.

"बाहेर कुठे जायचंय त्यांना? एक्कावन्न संपलं!"

तो हसला. त्यालाही कामाचाच भरायचा होता. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून त्याने सगळ्या फायली मांडल्या आणि पुराव्यांची यादी समोर ठेवली. प्रशिक्षणाच्या हजेऱ्या होत्या. आग विझवायच्या सरावाचे फोटो होते. नवव्या क्रमांकावर लिहिलं होतं, तुम्ही स्वतः थांबवलेल्या धोकादायक कामाचा पुरावा.

तासभर शोधूनही असा एक कागद सापडला नाही. तोंडाने त्याने हजारदा नको म्हटलं होतं, पण कागदावर सतरा वर्षं नुसता हो होता.

चौदावा पुरावा होता, एका अपघाताची चौकशी, संबंधित कामगाराच्या साक्षीसह. ती फाईल मात्र तयार होती. इतकी नीटनेटकी की ती उघडायला त्याचा हात पुढे होईना.

सोमवारी सकाळी सहाला रंग ढवळायच्या मोठ्या टाकीत माणूस उतरवून ती घासून घेत. उतरण्याआधी दोरीने मीटर आत सोडून गॅस तपासायचा आणि परमिटवर सेफ्टी ऑफिसरने सही करायची, असा नियम. पण त्याची पहिली बस साडेसातची. म्हणून शनिवारी निघतानाच तो सोमवारच्या परमिटवर सही करून ठेवी. "गॅस तपासला, ठीक आहे. वेळ सहा दहा." त्याच्या आधीच्या ऑफिसरने त्याला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, बुटाची नाडी बांधायला शिकवावं इतक्या सहज. साहेबांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

सहा वर्षांपूर्वी एका सोमवारी सहा वाजून दहा मिनिटांनी तो घरच्या आरशासमोर दाढी करत होता. त्याच वेळी पैलवान टाकीत उतरला. भरलेलं पिंप एकट्याने उचलणारा माणूस, म्हणून पैलवान. मीटर कपाटातच होता. दहा मिनिटांनी पैलवानाला दोरीने वर ओढलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. जीव वाचला. पण छाती गेली, आणि बोलता बोलता शब्द निसटायला लागले.

चौकशी झाली. परमिट स्वच्छ होतं. म्हणजे उतरताना गॅस नव्हता, जो निघाला तो घासताना. म्हणजे माणसाने आत जाऊन मास्क काढला असणार. कागद खरा धरला की माणूस खोटा ठरतोच. त्या अहवालाखाली नकोबाने सही केली. मग साहेबांच्या मागे लागून त्याने पैलवानाला गेटवर बसायचं काम मिळवून दिलं, आणि तेव्हापासून पैलवान त्याला देवासारखा मानायला लागला. हे सगळ्यात वाईट होतं.

बुधवारी साहेबांनी विचारलं, "पैलवानाची फाईल घातलीत ना? एक नंबर आहे. तपासनीस खूश होईल."

"त्याची सही लागेल साक्षीला."

"मग? तो तुमच्यासाठी जीव देईल हो."

आपण काय बोललो ते साहेबांना कळलंही नाही. ते पुढच्या कागदाकडे वळले.

हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण होतं. तपासनिसासमोर तीच फाईल पुन्हा उघडायची, तेच खोटं पुन्हा वाचायचं, आणि त्याच्यावरच लायकीचं सर्टिफिकेट घ्यायचं. खरं सांगावं तर नोकरी गेलीच, वर केस. मुलीचं शेवटचं वर्ष. आणि डिप्लोमा घ्यावा तर पहिल्याच पेपरला तोंडावर पडणार. कोणत्याही बाजूने चाललं तरी भिंत तीच होती.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो साक्षीचा फॉर्म घेऊन गेटवर गेला. मजकुराची जागा कोरी होती. आधी सांगायचं, मग त्याला वाटलं तर तो सही करेल, असं त्याने मनाशी घोकलं होतं.

"बसा साहेब," पैलवान स्वतःची खुर्ची सोडून उठला. तेवढ्यानेही त्याला धाप लागली.

"उठू नको रे. ऐक, त्या दिवशीचं थोडं बोलायचं होतं. टाकीचं."

पैलवानाचा चेहरा पडला. "किती वेळा माफी मागू साहेब? मी मास्क काढायला नको होता. तुम्ही दहा वेळा सांगितलेलं."

"तुला आठवतंय का, काढलेला?"

"न आठवायला काय झालं? रिपोर्टात... ते... लिहिलंय ना." त्याने शब्द शोधला, तो सापडल्याचा त्याला आनंद झाला. "वाचून दाखवलेला मला. माझ्या एकट्यापायी तुम्हाला केवढा त्रास!"

"अरे, तसं नाही. मी त्या दिवशी..."

"कागद कसला आहे तो?"

"माझ्या कोर्सचा. साक्षीदार लागतो. पण आधी ऐक तरी..."

पैलवानाने फॉर्म त्याच्या हातातून काढूनच घेतला. गेटच्या रजिस्टरवर ठेवला, जीभ दातांत धरली आणि एकेक अक्षर दाबून सही केली. वर छापलं होतं, "खालील मजकूर मी वाचला असून तो खरा आहे." खाली काहीच नव्हतं.

"अरे, कोरा आहे तो!"

"असू दे. तुम्ही भराल ना नीट." पैलवान हसला. "तुमच्या सहीवर आम्ही टाकीत उतरायचो साहेब. माझ्या सहीचं काय घेऊन बसलात?"

जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि तो परत फिरला. पळपुटा, असं तो स्वतःला म्हणाला, अगदी मोठ्याने.

शुक्रवारी त्याने डिप्लोमाचा फॉर्म टेबलावर ठेवला. साहेबांनी चष्मा काढला. "डोकं फिरलंय का तुमचं? आठ पेपर! नापास झालात तर मी काही करू शकणार नाही."

"माहीत आहे."

पुस्तक निदान एवढंच विचारणार होतं की काय करायला हवं. तू काय केलंस, हे विचारणार नव्हतं. यात हिंमत किती आणि भित्रेपणा किती, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

शनिवारी निघताना सुपरवायझरने नेहमीप्रमाणे परमिटचं पुस्तक पुढे केलं. त्याने सही केली नाही. "सोमवारी येतो मी. सहाच्या आत."

"बस कुठंय तेव्हा?"

"सायकल आहे."

"आणि इतकी वर्षं कुठं होती ती?" सुपरवायझरने आपलं सहज विचारलं.

सायकल इतकी वर्षं घराच्या जिन्याखालीच होती.

सोमवारी पावणेसहाला तो घामाघूम होऊन गेटवर पोचला. पैलवान लगबगीने गेटवरच्या केबिनमधून बाहेर आला.

"नको, मी उघडतो," तो म्हणाला.

पण पैलवानाने जड फाटक दोन्ही हातांनी ढकललंच आणि धापा टाकत बाजूला उभा राहिला. मग रजिस्टरमध्ये वेळ लिहिता लिहिता विचारलं, "त्या कोर्सचं काय झालं साहेब? पास झालात?"

घडी घातलेला तो कोरा कागद शर्टाच्या खिशातच होता. वापरता येत नव्हता, फाडवतही नव्हता.

"अजून वेळ आहे. दोन वर्षं."

"व्हाल हो," पैलवान म्हणाला. "माझी सही आहे ना."

त्याने मान हलवली, सायकल भिंतीला लावली आणि मीटर आणायला कपाटाकडे गेला.