सोवळ्याचा कापूस

टाकी तिसऱ्यांदा नासली तेव्हा मी मुलुंडच्या त्या शेडमध्ये उभी होते आणि कोणावर ओरडावं ते मला सुचत नव्हतं. सकाळचे सहा वाजले होते. झोप लागेना म्हणून मी आठाऐवजी दोन तास आधीच आले होते. झाकण उघडलं की गोडसर वास यायला हवा, आला तो चार दिवसांच्या ताकाचा. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला, तर यीस्टचे गोल दाणे मोजकेच आणि काड्यांसारखे परके जंतू जत्रेला जमल्यासारखे.

साल छप्पन्न. दारूबंदीमुळे पाववाल्यांना पीठ आंबवायला ताडी मिळेना, पाव फुगेना. म्हणून फिनेल बनवणाऱ्या जयवंतरावांनी यीस्टची टाकी बसवली आणि बी.एस्सी. झालेली मी, पद्मजा, तिची केमिस्ट झाले. काम ऐकायला सोपं आहे. साखर कारखान्याची मळी पाण्यात कालवायची, वाफ देऊन तिच्यातलं जिवंत ते सगळं मारायचं, थंड झाल्यावर आपलं यीस्ट सोडायचं आणि त्याला खालून सतत हवा द्यायची. हवेबरोबर बाहेरचा जंतू आत शिरू नये म्हणून ती कापूस ठासलेल्या पत्र्याच्या डब्यातून गाळून घ्यायची. बाटलीत हे मी पन्नास वेळा केलं होतं. हजार लिटरच्या टाकीत एकदाही जमेना.

टाकी दुसऱ्यांदा नासली तेव्हा जयवंतराव म्हणाले होते, "पद्मजाबाई, आणखी एकदा नासली की ही टाकी भंगारात. मला आपलं फिनेल पुरे." मी मळी बदलली होती, वाफ वाढवली होती, यीस्ट नवं आणलं होतं. मग नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी धाकूमामांचं नाव घेतलं. धाकूमामा आमचे बॉयलरवाले, देवगडकडचे, पन्नाशी उलटलेले. "त्यांचं लक्ष नसतं," एवढंच मी म्हणाले. जयवंतरावांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं आणि मला जरा बरं वाटलं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

तेवढ्यात धाकूमामाच आत आले. नुकतीच आंघोळ केलेली, कमरेला ओला पंचा, केसांतून पाणी गळतंय, दोन्ही हातांत तांबे. मी त्यांना दिसले नाही. त्यांनी हवा बंद केली, डब्याचं झाकण काढलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि कापसावर पाणी शिंपडू लागले.

"धाकूमामा, हे काय करताय?"

ते दचकले, पण ओशाळले नाहीत. "शुद्ध करतंय, बाईनू. तुमीच सांगलात ना, ह्यो कापूस सोवळ्याचो म्हणान. पयल्या दिसापासून रोज सकाळी ओलेत्यान शिपडतंय. गेल्या टायमाक तुमी सायबांकडे बोललात, म्हणान आता दोन तांबे."

मी स्टुलावर बसले. सांगितलं होतं मीच. जंतू, हवा, गाळणी हे समजावत कोण बसणार, म्हणून पहिल्या दिवशी म्हणाले होते, "आईच्या स्वयंपाकघरात कसं सोवळं असतं, तसा हा कापूस समजा. कुणी शिवायचं नाही." आमच्या आईचं सोवळंही ओलेत्यानेच चालतं. कापूस मात्र कोरडा असेपर्यंतच जंतू अडवतो. भिजला की तेच जंतू त्यात वाढतात आणि हवेबरोबर थेट टाकीत उतरतात. मी जितकी चिडत होते तितकं त्या माणसाने अधिक मनोभावे पाणी घातलं होतं. मला रडू आलं ते टाकीसाठी नव्हतं.

दहा वाजता जयवंतराव आले, वास घेतला आणि नाक मुरडलं. "कारण सापडलं की नाही?"

"सापडलं. कापूस ओला होता."

"कोणी केला?"

धाकूमामा बॉयलरपाशी उभे होते. त्यांचं नाव माझ्या अगदी जिभेवर होतं. एकदा घेतलंच होतं, दुसऱ्यांदा घ्यायला काही कष्ट नव्हते.

"माझ्या सांगण्यावरून झाला," मी म्हणाले. "तिन्ही वेळा."

जयवंतरावांनी एकदा टाकीकडे आणि एकदा धाकूमामांकडे पाहिलं. "म्हणजे टाकी चांगली आहे आणि माणूसही चांगला आहे," ते म्हणाले. "शनिवारपर्यंत त्याला सगळं नीट शिकवा. सोमवारपासून तुम्ही येऊ नका."

मी नवा कापूस आणला, बॉयलरवर तापवून खडखडीत वाळवला आणि धाकूमामांना शेजारी बसवून सुरुवातीपासून सांगितलं. सूक्ष्मदर्शकातून ते जंतूही दाखवले. सांगायला आणि दाखवायला मिळून पाव तास लागला. ते एक डोळा मिटून बघत होते.

मग मान वर करून म्हणाले, "इतक्याच होता, तर आदी कित्याक नाय सांगलात, बाईनू?"

मी डब्याचं झाकण लावत बसले.