कुलपात जपलेला रॅम्प

जरा खाली बघा. तुमच्या पायाखाली आहे तो मी, एक लाकडी रॅम्प.

जन्म तेलाच्या गोदामातला. पिंपं आत न्यायला अडचण होते म्हटल्यावर मालकाने सुताराला बोलावलं आणि दुपारच्या जेवणाआधी मी तयार. पिंपांना कोणी विचारलं नाही, "आत येऊन तुम्ही नक्की काय करणार?" हा प्रश्न माणसांसाठी राखून ठेवलेला असतो, हे मला पुढे कळलं.

गोदाम बंद पडलं तेव्हा एका बाईंनी मला घेतलं. दिव्यांगांना नोकऱ्या मिळवून देणं हे त्यांचं काम. एखाद्या मालकाला धरलं की सोडायच्या नाहीत, म्हणून बाजारात त्यांचं नाव पडलं गोचीड. कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "नाव पडलं म्हणजे धंदा चालतोय."

मला गाडीच्या टपावर बांधून त्या दारोदार हिंडायच्या. बोलण्यात दयेचा शब्द नाही. "कामाची माणसं आहेत, घेता का?" एवढंच. दया सगळी समोरच्या बाजूला. एक मालक खुर्चीत रेलून म्हणाले, "आमच्याकडे काम फार धावपळीचं हो," आणि टेबलाच्या पलीकडचा पाण्याचा ग्लास हातात मिळावा म्हणून त्यांनी घंटी वाजवली.

शेवटी चष्म्याच्या काचा बनवणारे एक शेठ तयार झाले. काचा तपासायला व्हीलचेअरवरची एक मुलगी घेतली. महिनाभर काम बघू, मग कायम करू, असं ठरलं. घरात कमावणारी ती एकटी, आणि आधीच्या दोन नोकऱ्या जिन्यांनी खाल्लेल्या. इथे दारात पायऱ्या होत्याच, म्हणून बाईंनी मला ठेवून दिलं.

थाट काय विचारता. मला रंग दिला. शेठांनी माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढला. मॅनेजर तर फार काळजीवाहू. मी चोरीला जाईन म्हणून रोज संध्याकाळी मला कोठीत घालून कुलूप लावायचा. किल्ली त्याच्या खिशात, आणि तो यायचा कामगारांनंतर तासाभराने. मुलगी वेळेवर दारात हजर, आणि मी आत सुखरूप. दोघेतिघे कामगार तिला उचलायला पुढे झाले, तर म्हणाली, "नको दादा. मी कामाला आलेय, डिलिव्हरीला नाही."

महिना भरला. शेठांनी बाईंना बोलावलं. "काम एक नंबर आहे, ताई. एक काच निसटत नाही. पण पोरगी रोज उशिरा आत येते. कायम कसं करू? शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

"आत उशिरा येते. दारात कधी येते?"

शेठांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने छताकडे.

शेठ मोठ्या मनाचे. "बरं, तिला तासभर उशिरा यायची सवलत देऊ. पगार तेवढा कमी करू."

मुलगी तिथेच होती. "सवलत नको, शेठ. त्यापेक्षा मॅनेजरसाहेबांनाच माझ्या वेळेला बोलवा."

"अहो, पण माझी झोप..." मॅनेजर बोलून गेला.

बाई गोड हसल्या. "मग बघा मॅनेजरसाहेब, दुसरं काही सुचतंय का."

सुचलं ना. महिनाभर ज्याला माणुसकी सुचली नव्हती, त्याने त्याच संध्याकाळी घरी जायच्या आत मला पायऱ्यांवर बोल्टने पक्कं करून घेतलं. झोपमोडीइतका मोठा समाजसुधारक मी तरी पाहिलेला नाही. मुलगी कायम झाली.

आता माझ्यावरून माल आणणारा येतो, शेठांची चाकांची बॅग येते, गुडघे धरत शेठांच्या मातोश्री येतात. मॅनेजरही इथूनच चढतो आणि पाहुण्यांना सांगतो, कल्पना त्याचीच. असू दे, मला काय.

रंग पार उडालाय माझा, मधली फळी घासून गुळगुळीत झालीय. मला बरं वाटतं. तुमच्याकडेही कोणी एखादा रॅम्प जपून ठेवला असेल, तर कृपा करून जपू नका त्याला. झिजू द्या.

आणि आता तेवढे बाजूला सरका. ती आली. शिस्तीची फार कडक आहे, उशीर चालत नाही तिला.