सूप सांडू नये म्हणून

माझी मुलगी चालण्याच्या शर्यतीत भाग घेते, हे मी पहिल्यांदा रेस्टॉरंटात सांगितलं तेव्हा किचनमधले सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. पळण्याची शर्यत मी समजू शकतो. पोहण्याचीही समजू शकतो. पण कंबर हलवत भराभरा चालायचं आणि शेवटी कुणीतरी गळ्यात पदक घालायचं, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. चालतो तर मीही. मिसरूड फुटल्यापासून चालतोय. किचनच्या झुलत्या दारापासून खिडकीजवळच्या टेबलापर्यंत आणि परत, हातात ट्रे घेऊन. आमच्या धंद्यात पळायला बंदी असते. वेटर पळाला की गिऱ्हाईक दचकतं, त्याला वाटतं आत आग लागली. म्हणून आम्ही पळत नाही, पळण्याइतक्या वेगाने चालतो. कामावर मला सगळे 'एक्सप्रेस' म्हणतात. मला आजवर कुणी पदक घातलेलं नाही.

हे मी घरी शंभरदा ऐकवलं होतं. लेक ऐकून घ्यायची, कारण वाद घालण्यापेक्षा बूट घालून बाहेर पडणं तिला जास्त आवडतं. पण त्या उन्हाळ्यात प्रकरण गळ्याशी आलं. लांबच्या शहरातल्या एका क्रीडा वसतिगृहाने तिची निवड केली. राहायचं तिथे, शिकायचं तिथे, चालायचं तिथे, आणि घरी यायचं ते सुट्टीत, पाहुण्यासारखं. तिला अजून अठरा पूर्ण नव्हती, त्यामुळे बापाची सही लागणार होती. मी नाही म्हणालो.

कारणं मी भरपूर दिली. चालणं म्हणजे काय खेळ आहे का, हे पहिलं. त्यात पुढे काही होत नाही, हे दुसरं. शिवाय आमच्या मालकाने तिच्यासाठी काउंटरवर संध्याकाळची जागा ठेवली होती. कॉलेज सांभाळून करता आली असती. मी ट्रे घेऊन येता-जाता ती समोर दिसली असती.

"खरं कारण सांगा की," बायको शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली. ती घरीच कपडे शिवते आणि बोलायचं असेल तेव्हाच यंत्र थांबवते.

"हेच खरं कारण आहे."

"बरं," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. आमच्या घरात 'बरं' म्हणजे बरं नसतं.

लेकीने दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी मी बूट काढत होतो तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, रविवारी माझ्या शर्यतीनंतर हौशी लोकांची खुली शर्यत आहे. तुम्ही उतरा."

"मी? कशाला?"

"नुसती पूर्ण करा. नंबरबिंबर नको. पंचांनी बाहेर न काढता तुम्ही शेवटपर्यंत चाललात, तर मी वसतिगृहाचं नाव काढणार नाही. काउंटरवर बसेन. बाहेर काढलं, तर सही करायची."

"चालणाऱ्या माणसाला बाहेर कशाला काढतील?"

"मग उतरा ना."

शिवणयंत्र थांबलं. बायकोने चष्म्यावरून आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला तर घरबसल्या लॉटरी लागल्यासारखं वाटत होतं. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं, आणि रात्री जेवताना उगाचच दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

नियम तिने मला नीट समजावले होते, हे कबूल करायला हवं. दोनच होते. एक पाय कायम जमिनीवर पाहिजे, दोन्ही उचलले की ते पळणं झालं. आणि पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्यापासून तो अंगाखाली येईपर्यंत गुडघ्यात सरळ पाहिजे. वाटेत पंच उभे असतात. चुकलं तर आधी पिवळी पाटी दाखवतात, न सुधारलं तर लाल कार्ड लिहून पाठवतात, आणि ते फलकावर लागतं. वेगवेगळ्या तीन पंचांची तीन लाल कार्डं झाली की घरी. हे सगळं तिने ताटाच्या कडेला दोन चमचे चालवून दाखवलं. मी एका कानाने ऐकलं. मला चालायला शिकवणारी ही कोण, तिला चालायला तर मी शिकवलेलं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. एका मोठ्या बागेभोवतालचा रस्ता दोरी लावून बंद केला होता. आधी लेकीची शर्यत झाली. मी तिला चालताना कधी पाहिलं नव्हतं. शर्यती असायच्या सकाळी, आणि आदल्या रात्री उशिरापर्यंत पाय तोडून आलेला माणूस सकाळी झोपतो. कंबर हलत होती, त्यात हसण्यासारखं होतंच, मी हसायच्या तयारीतही होतो. पण ती समोरून गेली तेव्हा माझं लक्ष तिच्या डोक्याकडे गेलं. डोकं हलतच नव्हतं. कंबरेखाली एवढी धांदल आणि वर सगळं शांत. तिच्या डोक्यावर काठोकाठ भरलेला ग्लास ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. एवढ्या तोलाने चालणारी माणसं मी आमच्या धंद्यात मोजकीच पाहिली आहेत. ती दुसरी आली. मी टाळ्या वाजवल्या, पण हे डोक्याचं तिला सांगितलं नाही.

मग आमची शर्यत लागली. माझ्याबरोबर एक पेन्शनर काका होते, टोपीवाले. शाळेतल्या दोन बाई होत्या, सुरू होण्याआधीच दमलेला एक जाडजूड माणूस होता, आणि असेच आणखी काही. बायकोने माझ्या छातीवर नंबर लावताना टाचणी जरा जोरातच टोचली. शिट्टी वाजली आणि मी सुटलो.

खोटं कशाला बोला, मजा आली. शनिवारी संध्याकाळी रेस्टॉरंट तुडुंब भरलेलं असताना जसा चालतो तसा मी चाललो. वळणावर खांदा आत, नजर समोर, कुणाला धक्का नाही. पहिल्या फेरीतच बाईंना मागे टाकलं, काकांना मागे टाकलं. एका झाडाखाली एक पंचबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला आणि मी सवयीने मान झुकवून म्हणालो, "आलोच, मॅडम." पुढे गेल्यावर लक्षात आलं की त्यांच्या हातात पिवळी पाटी होती आणि त्यावर वाकड्या गुडघ्याची खूण होती. टेबलावरून हात वर झाला की 'आलोच' म्हणायचं, एवढंच माझ्या अंगात भिनलेलं आहे. त्यानंतरच्या वळणावरच्या पंचांनी पाटी दाखवली तेव्हा निदान 'आलोच' म्हणालो नाही. पण वाटलं, यांचं काहीतरी चुकतंय. आणखी जोर लावला.

पुढच्या फेरीला फलकापाशी आलो तर माझ्या नंबरासमोर एक लाल ठिपका. त्याच्या पुढच्या फेरीला दोन.

आणखी एक पडला की मी बाहेर. मी पायांकडे पाहिलं. वेग ठीक होता, दमही ठीक होता. मग माझ्याच सावलीकडे नजर गेली. डावा हात कोपरात दुमडून खांद्याशी वर धरलेला, तळवा आकाशाकडे, जणू वर ट्रे आहे. आणि दोन्ही गुडघे जरासे वाकलेले.

वाकणारच. धंद्यात आलो तेव्हा आमच्या जुन्या कॅप्टनने, म्हणजे वेटरांच्या मुकादमाने, मला पहिली गोष्ट हीच शिकवली होती. ताठ पायाने चाललास तर पावलाचा दणका थेट ट्रेपर्यंत जातो आणि सूप बशीत येतं. गुडघे ढिले ठेव, दणका तिथेच जिरव. त्याने मला पाण्याने भरलेले वाडगे घेऊन रिकाम्या हॉलमध्ये फेऱ्या मारायला लावल्या होत्या. सूप सांडू नये म्हणून जे पाय मी आयुष्यभर घडवले, ते आता माझं ऐकायलाच तयार नव्हते. ज्या चालण्याची मी फुशारकी मारत होतो, नेमकं त्यालाच इथे लाल कार्ड होतं. माझा इतका संताप झाला की तिथेच दोरी ओलांडून घरी जावंसं वाटलं.

"बाबा, गुडघा!"

लेक होती. दोरीच्या पलीकडून माझ्या बरोबरीने चालत होती. नुकतीच शर्यत संपवलेली, अजून घामाने निथळत होती.

"वाकतोय," मी म्हणालो. "सरळ होत नाही."

"होतो. आधी वेग सोडा. पाऊल छोटं टाका. टाच आधी टेकू द्या. हात खाली घ्या तो, काय धरलंय वर?"

"मागचे पुढे जातील."

"जाऊ देत. तुम्हाला पूर्ण करायची आहे ना? टाच. टाच. असं. डावा अजून वाकतोय."

मी वेग सोडला. टोपीवाले काका मला ओलांडून गेले, वर "चालू द्या" असंही म्हणाले. शाळेतल्या बाई गेल्या. तो जाडजूड माणूससुद्धा गेला. माझा सगळा तोरा उतरला. मी नुकतंच चालायला शिकणाऱ्या पोरासारखा एकेक पाय सरळ करत निघालो, आणि लेक दोरीबाहेरून "टाच, टाच" करत राहिली. पुढच्या वळणावर तिसरे पंच उभे होते, त्यांनी माझ्या गुडघ्याकडे वाकून पाहिलं. पाटी उचलली नाही.

शेवटच्या फेरीत कुठेतरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिने तोंड बंद ठेवलं असतं तर तिसरं कार्ड पुढच्याच वळणावर पडलं असतं. मी बाहेर, ती वसतिगृहात. हिला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प उभं राहायचं होतं.

मी शेवटून दुसरा आलो. फलकावर दोनच ठिपके होते. मी पैज जिंकली होती.

लेकीने पाण्याची बाटली दिली आणि माझ्या शर्टाच्या टाचण्या काढायला लागली. तिचा चेहरा उतरला होता, पण हात नेहमीसारखे नीट चालत होते.

"ठरलं होतं तसं," ती म्हणाली. "सोमवारी मालकांना सांगा, मी येते म्हणून."

"तू का ओरडत होतीस?"

"म्हणजे?"

"गप्प बसली असतीस तर मी बाहेर गेलो असतो. कळत नव्हतं?"

"कळत होतं की." तिने शेवटची टाचणी काढली. "पण तुम्ही डोळ्यांदेखत चुकीचं चालत होता, बाबा. मला नाही बघवलं."

मी दुसऱ्याकडे जेवायला गेलो तरी वाकडा ठेवलेला चमचा सरळ केल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. बायको टेबलाखालून पाय मारते, तरी मी करतोच. तो माझा चमचा नसतो, त्यात माझा काही फायदा नसतो. पण नाही बघवत. हा रोग कामावर नुसत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला होत नाही. तो ज्याला होतो त्याचं ते काम असतं, आणि त्याला दुसऱ्या कुठल्या काउंटरवर बसवून उपयोग नसतो, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी बाटली तिच्या हातात दिली आणि तडक मुख्य पंचांकडे गेलो. ते खुर्चीत बसून कागद जुळवत होते.

"साहेब, शेवटच्या सरळ रस्त्यावर माझे दोन्ही पाय उचलले गेले होते. तिसरं कार्ड माझ्या नावावर टाका."

त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "कुणी पाहिलं?"

"मी स्वतः."

"खेळाडूला स्वतःला कार्ड देता येत नाही हो. नियमात बसत नाही. पाणी प्या, सावलीत बसा."

हरायला गेलो, तर तेही नियमात बसेना. आता स्वतःच्या तोंडाने बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी परत आलो. मायलेकी दोरी सोडवणाऱ्या माणसांकडे बघत उभ्या होत्या.

"सही कुठे करायची आहे?" मी म्हणालो.

"पण तुम्ही जिंकलात," लेक म्हणाली.

"जिंकलो. त्याचं काय लोणचं घालू?" आवाज चढवून बोलायला गेलो तर तो चढेना. "तू गेलीस की घर मला खायला उठेल. म्हणून नाही म्हणत होतो. चालण्याबिलण्याचं काही नव्हतं. चांगली चालतेस तू. डोकं हलत नाही तुझं."

लेकीने माझा नंबराचा कागद घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवला.

"बरं," बायको म्हणाली. या वेळी 'बरं' म्हणजे खरंच बरं होतं.

लेकीची गाडी पुढच्या महिन्यात, भल्या सकाळी होती. सामान लावून झालं, सूचना देऊन झाल्या, आणि बायको डोळे पुसत खिडकीशी उभी राहिली. मला तिथे उभं राहवेना, म्हणून मी चहा आणायला गेलो. गाडी सुटायला आली होती आणि फलाट माणसांनी, बॅगांनी, हमालांनी भरून गेला होता. मी एका पुठ्ठ्यावर तीन कप ठेवले, पुठ्ठा डाव्या हातावर खांद्याशी घेतला आणि गर्दीतून निघालो. कुणाला धक्का नाही. कपांतला चहा जागचा हलला नाही.

लेक खिडकीतून माझ्याकडेच बघत होती.

"बाबा, गुडघा वाकतोय," ती म्हणाली. तिचा आवाज रडका झाला होता.

"वाकू दे," मी म्हणालो. "हातात तुझा चहा आहे."